चाचांचे साठ टन

चाचा माझ्या हॉलमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मे महिना होता, दुपारचे तीन वाजले होते. आल्या आल्या त्यांनी दार लावून घेतलं, सदरा काढून खुंटीला लावावा तसा माझ्या हातात दिला आणि उघड्या फरशीवर, बरोबर मधोमध, उताणे पडले. हात पसरलेले, डोळे मिटलेले. मी हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. नाही. अकोल्याचं ऊन काय चीज आहे हे मी वेगळं सांगायला नको. म्हटलं, गेलं हे म्हातारं! अजून हॉलचं उद्घाटन व्हायचं आहे आणि इथं पहिली मय्यत! मी पाणी आणायला धावणार, तेवढ्यात डोळे न उघडता चाचा बोलले, “गप बस ना बापू. छत आंगावर उतरून राहिलं. मोजू दे मले.”

एसी किती टनाचा लागेल, एवढंच विचारायला मी त्यांना बोलावलं होतं हो! लोक येतात, टेप लावतात, लांबी-रुंदी घेतात, आकडा सांगतात, चहा पिऊन जातात. हे बाबा अर्धा तास माझ्या फरशीवर पडून होते. उठले तेव्हा पाठीवर फरशीच्या सांध्यांचे चौकोन उमटलेले. सदरा घातला, खिशातला कांदा चाचपून पाहिला (लू लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात, चाचा तो अंघोळीलाही सोडत नसावेत) आणि म्हणाले, “आता उद्या येतो. आज फक्त छत झालं.”

त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सगळा बाजार टनवाले चाचा म्हणायचा. तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात होते, नंतर एसीच्या कामात आले, पण डोक्यातून बर्फ काही गेला नाही. टन म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “एक टन बर्फ दिवसभरात वितळला, तं जेवढी गर्मी खाईन तेवढी. बाकी सारं कंपनीवाल्याइचं इंग्रजी.” त्यामुळे त्यांना जगात जे काही गरम दिसे, ते बर्फाच्या लाद्यांमध्ये दिसे. पश्चिमेची भिंत इतक्या लाद्या. गरम भाजीची भांडी इतक्या. वरात दारात नाचते आणि दार पाऊण तास उघडं राहतं, त्याच्या इतक्या. रस्त्यात एखादा जाडजूड माणूस दिसला की पुटपुटायचे, “याले वेगळी लादी लागते.” आणि हे त्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात! मी दोन पावलं मागे राहायचो.

घरी मात्र स्वतःला एसी नाही. खिडकीला वाळ्याचा कूलर, खाली माठ. “चाचा, तुमच्या घरी एसी काहून नाई?” “माह्या घरात मी एकटा. एक मानूस थंडा कराले मशीन नाई, पानी लागते.” असं उत्तर.

आता माझं सांगतो, म्हणजे माझा जीव किती टांगणीला लागला होता ते कळेल. दर्यापूर रोडवर मी हे मंगल कार्यालय बांधलं. होतं नव्हतं ते त्यात घातलं. आणि पहिलं लग्न ठरलं ते कुण्या गिऱ्हाइकाचं नाही, माझ्या एकुलत्या एका भाचीचं. ताईने मला लहानपणापासून वाढवलं, माझ्या डब्यात स्वतःच्या वाटणीची पोळी घातली. तिची एकच मुलगी, सासर मोर्शीकडचं, संत्र्यावाले, मोठी तालेवार माणसं. ताई म्हणाली, “लगन तुह्याच हॉलात. पुढच्या मे मध्ये.” मे मध्ये! अकोल्यात! आठशे माणूस! मी तोंडाने हो म्हटलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लोक उकाड्याने हैराण झाले तर ताईच्या मुलीचं सासरी पाऊल पडायच्या आधीच तोंड काळं होणार आणि हॉलचं नाव पहिल्याच दिवशी बुडणार.

नागपूरहून एक साहेब आले होते लॅपटॉप घेऊन. गळ्यात टाय, भर उन्हाळ्यात. त्यांनी टकटक केलं आणि सांगितलं, पस्तीस टन. मला बरं वाटलं. चाचा बाजूला बसून मठ्ठा पीत होते. त्यांनी विचारलं, “सायेब, मानसं किती धरले?”

“पाचशे. हॉलची कपॅसिटी पाचशे आहे.”

“पत्रिकेवर पाचशेच लिवतात सारे. दर्यापूरहून जिपा भरून येतीन, एका जिपीत किती बसतात तुमी मोजलं का कधी? लेकरं मांडीवर. तुमच्या त्या डब्यात मांडीवरचे लेकरं बसतात का?”

साहेब हसले. चाचा नाही हसले. “आन् ही पश्चिमेची काच धरली का? दुपारी चार वाजता हिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहून दाखवा. टायसहित.” साहेब उभे राहिले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले.

ती काच माझी हौस होती. पूर्ण भिंतभर, बाहेरून आरशासारखी चमकणारी, रस्त्यावरून जाणारा माणूस वळून पाहायचा. दुसऱ्या दिवशी चाचांनी तिला उलटा हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि म्हणाले, “विटा मागव.” मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा कसली! खालून सात फूट काच काढून विटा लावायला लावल्या, वर पांढरा रंग, आणि छताखाली जाड थर भरायला लावला. मी डोळ्यांनी माझी हौस विटांमागे जाताना पाहत होतो आणि हे बाजूला उभं राहून मिस्त्रीला सांगत होते, “सांधा नीट भर, हवा झिरपली नाई पायजे.” बायको म्हणाली, “अहो, हा माणूस एसी लावायला आला की हॉल पाडायला?”

पण एवढं करूनही आकडा सांगेनात. रोज विचारायचो, “चाचा, किती?” एक दिवस शांतपणे म्हणाले, “मानसं आन. दोनशे.”

“कशाला?”

“बसवाचे आत. दार लावून. मानसाशिवाय टन कसा सांगू? रिकाम्या हॉलले तं पंखाई पुरते.”

दोनशे माणसं! भर मे महिन्यात, बिनएसीच्या हॉलात कोण येऊन बसेल? चाचांनी त्यावरही तोड काढली. “रोडगे कर. वांग्याची भाजी. वऱ्हाडी मानूस रोडग्यासाठी चुलीतबी बसते.” आणि खोटं नाही सांगत, आले! शेजारच्या गावात सांगितलं की हॉलची वास्तुशांत आहे, जेवायला या. दोनशेच्या वर आले. चाचांनी आधीच छतापासून दोऱ्यांना थर्मामीटर बांधून ठेवले होते, डोक्याच्या उंचीवर, लोक समजले काहीतरी तोरण असेल. सगळे पंगतीत बसले. चाचांनी दारं लावली आणि पंखे बंद केले.

मी हादरलो. “चाचा, काय करून राहिले तुमी! मरतीन लोकं!”

“पंचवीस मिनिटं. कोनी मरत नाई. मी हावो ना.”

ते पंगतीतून फिरू लागले, म्हाताऱ्यांच्या कपाळाला हात लावत, दोऱ्यांकडे बघत, लग्नपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी लिहीत. पंधरा मिनिटांत लोकांच्या अंगाखाली घामाची तळी. एक आजी चवताळून उठली, “काबे, तू आमाले जेवू घालून राहिला का भाजून राहिला?” चाचांनी तिच्यासमोर वाकून विचारलं, “आजी, जीव कुठी घाबरते? छातीत का डोक्यात?” आजी गोंधळली, म्हणाली, “डोक्यात.” चाचांनी ते लिहिलं. लिहिलं! मग दारं उघडली, पंखे लावले, सगळ्यांना मठ्ठा दिला. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक जाताना माझ्याकडे असे बघत होते की मीच त्यांना कोंडलं.

संध्याकाळी आकडा मिळाला. साठ टन.

मी घाबरून म्हटलं, “चाचा, मंग ऐंशीच टाकू ना! भीतीच नको.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चिडलेलं पाहिलं. “ऐंशी? मशीन दोन मिनिटांत हवा थंडी करीन आन् झोपून जाईन. हवेतली ओल कोन काढीन? तुहा बाप? श्रावनात लोकं इथं चिकट होऊन बसतीन, कपाटात ओले कपडे ठेवल्यासारखा वास येईन. कमी नाई, जास्तीबी नाई. साठ म्हंजे साठ.”

साठ टन बसवले. त्यांनी प्रत्येक यंत्राजवळ उभं राहून बसवून घेतले. बाहेरची युनिटं हॉलच्या मागे ओळीने लावली, मोकळी हवा मिळेल अशी. आणि जाताना तीन गोष्टी सांगितल्या, बोटांवर मोजून. लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला मशीन चालू करायच्या, कारण भिंती रात्रभर गरम असतात. हॉलात कूलर लावायचा नाही, कारण कूलर पाण्याची वाफ सोडतो आणि एसीची सगळी ताकद ती वाफ पिळण्यात जाते. आणि बाहेरच्या युनिटांसमोर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. “समजलं?” मी म्हटलं, समजलं.

समजलं काय, कप्पाळ! लग्नाच्या आदल्या दिवशी मोर्शीहून व्याह्यांचा फोन. “कूलर बिलर हायेत ना हो? आमच्याकडे म्हातारे मानसं हायेत.” मी म्हटलं, एसी आहे. ते म्हणाले, “एसी तं राहीनच, पन कूलरही ठेवजा.” आता तुम्ही सांगा, वऱ्हाडात लग्न आणि कूलर नाही, असं कधी झालंय? नवरदेवाशेजारी कूलर नसेल तर पाहुणचारच झाला नाही असं धरतात. मी विचार केला, एसीही आणि कूलरही, दुप्पट थंड! आठ मोठे कूलर लावून टाकले. कूलरला हवा पाहिजे म्हणून खिडक्या उघडल्या. वरून मंडपवाला आला, म्हणाला, “मागचे ते लोखंडी डबे फोटोत येतीन, कपडा लावू का?” मी म्हटलं, लाव. गुलाबी साटिनचा, झालरवाला. एवढी अक्कल मला होती!

सकाळी सहाला मशीन चालू केल्या, एवढं मात्र ऐकलं. दहापर्यंत हॉल इतका गार होता की मी स्वतःलाच शाबासकी दिली. साडेबाराला वरात आत आली, आठशे माणसं आत आली, आणि हॉलाला काय झालं कळेना. थंडपणा गेला. त्याजागी एक ओलसर, चिकट गरमी, अंगाला गोंद लावल्यासारखी. पत्रिकांनी वारा घेणं सुरू. भाचीच्या गालावरून मेकअप ओघळायला लागला. एसीतून हवा येत होती, पण नुसती हवा. मी इकडून तिकडे पळत होतो, रिमोट दाबत होतो, सोळावर आणलं, काही नाही.

आणि मग नवरदेवाची आजी खुर्चीवरून कलंडली. चार बायांनी तिला सतरंजीवर निजवलं. व्याही माझ्यासमोर आले. आवाज चढवला नाही, म्हणूनच जास्त भीती वाटली. “मामा, संत्र्याच्या झाडाखाली लगन लावलं असतं तं बरं झालं असतं. माह्या मायले काई झालं ना, तं वरात वापस जाईन. लगन राहीन इथंच.”

ताई मागे उभी होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

नेमके त्याच वेळी चाचा आले. पाहुणे म्हणून बोलावलेले. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, अत्तराचा वास, हातात भेटीचं पाकीट. दारातच थांबले. नाक वर करून हवा हुंगली. मला रामराम नाही, सलाम नाही. सरळ पहिल्या कूलरपाशी गेले आणि प्लग ओढला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. मोठ्याने ओरडत, “खिडक्या लावा! खिडक्या लावा!”

गरमीने जीव चाललेल्या आठशे माणसांना काय दिसलं? एक अनोळखी म्हातारा कूलर बंद करत सुटलाय! एकच गोंधळ. कोणी म्हणे चोर, कोणी म्हणे पागल. व्याही ओरडले, “कोन आहे हा? काढा याले बाहेर!” आणि मी... काय सांगू. मी गेलो. चाचा सातव्या कूलरपाशी होते. मी त्यांचा दंड धरला. ते म्हणाले, “अरे, आयक तं...” मी नाही ऐकलं. ओढत दारापर्यंत नेलं आणि ढकललं. पायरीवर तोल गेला, टोपी पडली, ते गुडघ्यावर पडले. मी काचेचं दार लावून घेतलं.

बापाच्या वयाचा माणूस. माझा हात! माझाच विश्वास बसत नव्हता, पण पाय कूलरकडे वळले, प्लग परत लावायला. ताईने माझ्या हातावर चापट मारली. भरल्या मांडवात, सगळ्यांसमोर. “त्या मानसानं वर्षभर जे सांगतलं, थे कर. उरलेले कूलर बंद कर. खिडक्या लाव.” आणि तिने स्वतःच पदर खोचून खिडक्या लावायला घेतल्या. वधूची आई, शालू नेसलेली, खिडक्या लावतेय! ते पाहून बाकीच्या बायाही उठल्या.

पाच मिनिटं काही झालं नाही. दहा मिनिटांनी एका बाजूच्या मशीनचा आवाज बदलला. मग दुसरीचा. मग ओळीने सगळ्यांचा, आणि वरून अशी थंड, कोरडी हवा सुटली की लोकांचे पत्रिका हलवणारे हात थांबले. कुणीतरी हाऽऽ केलं. आजी उठून बसली आणि पहिला प्रश्न विचारला, “लगन लागलं का?” व्याही कपाळावरचा घाम पुसत तिच्याकडे बघतच राहिले.

पण मशीनचा आवाज आपोआप कसा बदलला? ते माझ्या डोक्यात आलं आणि मी मागच्या दाराने बाहेर पळालो. ऊन डोळ्यात घुसलं. हॉलच्या मागे युनिटांची ओळ, आणि जमिनीवर गुलाबी साटिनचा ढीग. झालरीसकट. चाचा शेवटच्या युनिटापाशी होते. कोंडलेल्या गरमीने मशीन बंद पडल्या होत्या, ते एकेकीचा कपडा फाडून काढत होते, खटका पाडून परत चढवत होते. तापलेल्या पत्र्याने तळहात लाल झालेले. कुर्त्याला गुडघ्यावर रक्त. अंग असं थरथरत होतं की मला वाटलं आत्ता पडतात. मी आठ-दहा पावलांवर उभा होतो आणि पुढे जाण्याची हिंमत होत नव्हती. ज्याला मी चार लोकांदेखत ढकललं, तो माणूस त्या आगीत उभा राहून माझ्या भाचीचं लग्न वाचवत होता.

शेवटचा खटका चढला. त्यांनी कान देऊन आवाज ऐकला, मान हलवली, आणि भिंतीला धरून खाली बसू लागले. मी धावलो, धरलं. उचलूनच आत आणलं म्हणा ना. पहिल्या रांगेत, आजीच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ताईने ओला टॉवेल डोक्यावर टाकला, साखर-मीठ घातलेलं पाणी पाजलं. व्याह्यांना ताईने सगळं सांगितलं असावं, ते येऊन चाचांच्या पायाशी वाकले. चाचांनी त्यांना उठवलं. खिशातून थर्मामीटर काढला, बघितला. “पंचवीस,” म्हणाले, आणि परत खिशात ठेवला.

तिकडे अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. कोणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या. मी चाचांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो होतो. माफी मागायची होती, पण विचारलं भलतंच.

“चाचा, तासभर कूलर, खिडक्या उघड्या, मशीनही बंद... तरी एवढ्या लवकर हॉल कसा थंडा झाला?”

त्यांनी टॉवेल कपाळावरून वर सारला. मग हळूच म्हणाले, “साठ लागतच नव्हते बापू. पंचावन्नात भागत होतं.”

“मंग साठ काहून सांगतले?”

“पाच टन तुह्या येडेपनाचे. तू कूलर लावशीन, खिडक्या उघडशीन, हे मले ठाव होतं. तुही काच काढाले तू कसा रडत होता, पायलं नव्हतं का म्या? हौशी मानूस आयकत नाई. म्हनून धरून ठेवले.”

मला हसूही आलं आणि रडूही. वर्षभर आधी, दोऱ्यांना थर्मामीटर बांधत असतानाच या माणसाने माझा मूर्खपणा मोजून ठेवला होता, आणि एका शब्दाने बोलला नव्हता.

चाचांनी गुडघ्यावरचा कुर्ता सोडवला. तो रक्ताने चिकटला होता. सोडवताना डोळ्यात पाणी आलं, पण ते त्या जखमेचं नव्हतं, ते मला दिसलं.

“पन तू मले ढकलशीन,” ते म्हणाले, “हे नाई धरलं होतं रे.”

शुभमंगल सावधान झालं. आठशे हात वर गेले, अक्षता उडाल्या, बँड वाजला. माझी मूठ उघडली नाही.